सोमवारी अडकणारा नॉब

शुक्रवार, १ तारीख

सेवाकेंद्रातली खोली दादासाठी महिनाअखेरपर्यंत राखून ठेवली आहे. पुतणीने आज सकाळी फोनवर तसं पक्कं सांगितलं. तिच्या घरापासून चालत सात मिनिटं, खिडकी पूर्वेला, नर्स चोवीस तास.

"काका, मी घाई करत नाहीये. पण आठ महिने झाले. तुम्ही आणि काकू दोघंही साठीपार. बाबांना शर्टाची बटणं लावता येतात का, एवढंच सांगा."

"अजून नाही."

"मग?"

शेवटी असं ठरलं की गुरुवारी, अठ्ठावीस तारखेला ती येणार. त्याच दिवशी फिजिओबाई दादाचा उजवा हात तपासून लेखी अभिप्राय देणार. हात कामाला लागतोय असं त्यांनी लिहिलं तर दादा इथेच राहील. नाही तर त्याची बॅग भरायची. मी हो म्हणालो. फोन ठेवून मागे वळलो तर दादा वॉकर धरून दारात उभा. किती ऐकलं कोण जाणे. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्याचं बोलणं तोडकं झालंय, एकेक शब्द विहिरीतून ओढून काढल्यासारखा येतो. "जाईन," म्हणाला, आणि खिडकीपाशी जाऊन बसला.

नॉबही आजच आला. तीस वर्षं दादा गेम पार्लरची मशीन दुरुस्त करायचा. पार्लर बंद झालं तेव्हा मालकाने त्याला एक मशीन देऊन टाकलं. माणसाच्या उंचीचं लाकडी कपाट, वर पडदा, कमरेच्या उंचीला खेळायची फळी. आतलं सगळं केव्हाच मेलं होतं. मागच्या खोलीत ते पंधरा वर्षं चादर पांघरून उभं आहे. फिजिओबाई म्हणाल्या होत्या की मनगट गोल फिरवायचा व्यायाम हवा, रबरी चेंडू दाबायला ते कंटाळलेत. तेव्हा मला ते कपाट आठवलं. नॉब फिरवला की पट्टी सरकते, पट्टीवर चेंडू आपटतो, वरच्या विटा फुटतात. या खेळावर दादाचा हात बसलेला होता. आत एक छोटा कॉम्प्युटर ठेवून यूएसबीचा नॉब जोडायचा. सत्तावीस दिवस आहेत. वर्तमानपत्राच्या डेस्कवर याहून मोठी कामं दोन तासांत केली आहेत.

शनिवार, २

फळीला जुन्या नॉबचं भोक होतंच, नवा त्यात चपखल बसला. खालून मोठा नट, वरून मूठ, आणि मूठ दांडीला धरून ठेवायला तिळाएवढा एक स्क्रू. त्याला काडीपेटीतल्या काडीहून बारीक असा षटकोनी पाना लागतो. चष्म्याच्या दांडीपलीकडे मी जन्मात कधी स्क्रू पिळलेला नाही. चार पानी माहितीपत्रक सोबत होतं. जोडणीचं पान वाचलं, बाकीचं सावकाश वाचेन.

वायर जोडली, दिवा लागला, पट्टी ढिम्म. ज्याच्याकडून नॉब मागवला त्या पार्टवाल्याला फोन लावला.

"काका, कॉम्प्युटरला नॉब-बिब काही कळत नाही. त्याच्या मते तो माऊस आहे, फक्त आडवा पळणारा. खेळाच्या सेटिंगमध्ये माऊस बंद असेल, चालू करा."

चालू केला. मूठ उजवीकडे फिरवली तर पट्टी डावीकडे गेली. दारातून आवाज आला, "उलटं."

दादा. कालच्या 'जाईन'नंतरचा पहिला शब्द! सेटिंगमध्ये दिशा बदलली. मग मूठ जरा हलवली की पट्टी थेट भिंतीला. ही बघत होती. म्हणाली, "तुमच्या बहिणीसारखी आहे. काही विचारलं की आधी दार गाठते." वेग कमी केला, आणि चार वाजता सगळं झकास चालू लागलं.

"दादा, ये. उजव्या हाताने."

तो आला. डावा हात पुढे केला. मी पुन्हा "उजवा" म्हटलं, तर तोही मागे घेतला. "पोरांचं खेळणं," म्हणाला आणि गेला. ही म्हणाली, "तुम्ही हेडमास्तरासारखे उभे राहिलात तर कोण खेळेल?" मी काही हेडमास्तरासारखा उभा नव्हतो.

मंगळवार, ५

नॉब बिघडला. फिजिओबाईंनी स्वतः फिरवून पाहिला. पट्टी मध्येच अडते, मग एकदम उडी मारते. काल सकाळी मी खेळाची पहिली पायरी पूर्ण केली तेव्हा लोण्यासारखा फिरत होता.

बाईंनी दादाला मशीनपुढे बसवलं. "आजोबा, फिरवा बरं." त्याने हात मांडीवरून उचलला नाही. 'आजोबा' म्हटलेलं त्याला आवडत नाही हे मी त्यांना कसं सांगू? मग लाकडी खुंट्या, रबरी चेंडू, मातीचा गोळा. तेही नाही. त्यांनी वहीत लिहिलं: प्रगती नाही. उलटी अक्षरं वाचायची सवय छापखान्यापासूनची आहे, नसती तर बरं झालं असतं.

गुरुवार, ७

यूएसबीची जागा बदलली. वायर बदलली. कॉम्प्युटर वीज वाचवण्यासाठी यूएसबी मध्येच झोपवतो असं वाचलं, तेही बंद केलं. नुसत्या रागाने दोन दिवस नॉब गरागरा फिरवत राहिलो. आज संध्याकाळी आपोआप सुधारला. यातल्या कशाने, ते कळलं नाही. कारण कळल्याशिवाय सुधारलेली वस्तू मला आवडत नाही.

रविवार, १०

चार पायऱ्या पार. ही म्हणते, व्यायाम नक्की कोणाला सांगितलाय?

षटकोनी पाना सापडत नव्हता. शेवटी खणात मिळाला, फडक्यात नीट गुंडाळून ठेवलेला. मीच ठेवला असणार. वय झालं.

मंगळवार, १२

पुन्हा अडकला. मागच्यापेक्षा जास्त. काल सकाळपर्यंत ठीक होता.

आता मात्र मी वार मांडून पाहिले. दोन्ही वेळा सोमवार. आणि सोमवारी आमच्याकडे काय होतं? वॉशिंग मशीन. चादरी, पडदे, सगळे मोठे कपडे. ते मशीन गरगरलं की विजेचा दाब खालीवर होणार आणि बिचारा कॉम्प्युटर गोंधळणार. हिला म्हटलं, पुढच्या सोमवारी कपडे धुऊ नकोस.

"बरं. आणि मंगळवारी स्वयंपाकही नको ना करू? मिक्सरने आणखी काही व्हायचं."

"मी गंभीरपणे बोलतोय."

"ते दिसतंच आहे." मग म्हणाली, "तुम्ही तेवढं रोज चारचं फिरायला जाणं चुकवू नका. सोमवारी तर मुळीच नाही. आणि पाचच्या आत परत येऊ नका, चांगलं लांब जा." तीही त्या वेळी वाचनालयात जाते आणि दादाची झोप तेव्हाच असते, त्यामुळे घर कसं निवांत होतं. माझ्या गुडघ्यांची तिला अजून काळजी आहे, एवढं बरं.

दादाच्या शर्टाच्या उजव्या बाहीला पिवळट डाग आहे. मालिशचं तेल असावं. हिला म्हटलं, मालिश करणाऱ्याला सांग, बाह्या वर करत जा.

शनिवार, १६

पुतणीचा फोन. सेवाकेंद्राने सामानाची यादी पाठवली आहे. टॉवेल किती, चप्पल कुठल्या प्रकारची. ती मला वाचून दाखवताना तिने मध्येच विचारलं, "काका, मी वाईट आहे का?" मी म्हटलं, नाही गं. खरंच नाही. व्हिडिओ कॉलवर, तिच्या डोळ्यांसमोर तिचा बाप पडला होता आणि ती पाचशे किलोमीटरवरून फोनवर ओरडत होती. ते मी विसरू शकत नाही, तर ती कशी विसरेल?

आज त्याला अंघोळ घालताना माझ्या पाठीत कळ आली. स्टुलावर बसून राहिलो. खरं लिहायचं तर त्या क्षणी मला वाटलं, जाऊ दे त्याला. तिथे चांगली माणसं असतात. दादा ओल्या अंगाने माझ्याकडे बघत होता. त्याने डाव्या हाताने माझ्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं. लहानपणी ओतायचा तसं. दोघेही हसलो. पण वाटलं ते वाटलंच, आणि इथे लिहिलं नाही तर ही वही कशाला?

मंगळवार, १९

काल कपडे धुतले नाहीत. आठवडाभर फिरवून जरा सुटलेला नॉब तरीही अडकला. वॉशिंग मशीनची जाहीर माफी मागायची हिची मागणी आहे.

आता पट्टी जवळजवळ हलतच नाही. पार्टवाला म्हणतो, "काका, उघडून बघा ना आत." मी म्हटलं, बघतो. बघणार नाही. उघडलेली वस्तू मला पुन्हा जोडता येत नाही. एकदा घड्याळ उघडलं होतं, ते दादानेच जोडलं. त्याला आता कोणत्या तोंडाने सांगू? आठ महिन्यांत त्याने एकाही हत्याराला हात लावलेला नाही. मशीनच्या खोलीत तो फिरकतसुद्धा नाही, ही म्हणते तसं. खरं तर ती असं म्हणाली नाही. मी विचारलं तेव्हा ती वाटाणे सोलत राहिली.

फिजिओबाईंची वही: प्रगती नाही.

शुक्रवार, २२

दादाने माळ्यावरची बॅग काढायला सांगितली. काढली. पुसून त्याच्या खाटेखाली ठेवली.

ही संध्याकाळी दुकानातून येताना शिलाई मशीनच्या तेलाची नवी बाटली घेऊन आली. या महिन्यात तिने एक उशीचा अभ्रा तेवढा शिवला आहे. बायकांचं मशीन किती तेल पितं!

मंगळवार, २६

नॉब पूर्ण बंद. सकाळी उघडला.

पार्टवाला फोनच्या स्पीकरवर होता, मी टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसलो होतो. स्क्रू सोडवला. तो मी बसवला होता त्यापेक्षा कितीतरी नेमका घट्ट बसला होता, हे तेव्हाच खटकायला हवं होतं. आत कडेला बारीक खाचा असलेली एक चकती आहे. एका बाजूला इवलासा दिवा, दुसऱ्या बाजूला सेन्सर. खाचांमधून उजेड लुकलुकतो, त्या लुकलुकण्यावरून कॉम्प्युटर ओळखतो की नॉब किती फिरला. चकती पिवळी झाली होती आणि बोटाला चिकटत होती.

"काका, तेल कोणी घातलं यात?"

"कोणी नाही."

"अहो, खाचा भरल्यात तेलाने. उजेड जाणार कुठून? याचं बेअरिंग बंद असतं, तेल लागत नाही. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर चौकटीत लिहिलंय."

शेवटचं पान. छत्तीस वर्षं दुसऱ्यांचं अक्षर न् अक्षर तपासलं, आणि स्वतःच्या घरातलं चार पानी पत्रक पहिल्या पानावर सोडून दिलं.

मी उठून सरळ स्वयंपाकघरात गेलो. "तू माझ्या नॉबमध्ये तेल घातलंस?"

ही पोळी लाटत होती. लाटणं थांबलं. "माझ्या मशीनचं तेल मी तुमच्या खेळण्यात कशाला ओतू?"

"मग कोणी ओतलं? घरात आहे कोण? तू, मी आणि…"

ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. पोळी तव्यावर करपायला लागली तरी.

"किती दिवस माहीत आहे तुला?"

"पहिल्या सोमवारपासून. वाचनालयाचं पुस्तक विसरले म्हणून परत आले होते. मागच्या खोलीत खुडबुड ऐकली. भाऊजी पाठमोरे होते. मी पाय न वाजवता निघून गेले."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तासाभरात फिजिओबाईंना, पुतणीला आणि त्या पार्टवाल्याला कळवलं असतं. घरात बातमी टिकते का तुमच्याकडे? तो माणूस चोरून काही करतोय, करू दे म्हटलं."

मी खुर्चीवर बसलो. पार्लरची सुट्टी सोमवारी असायची. दर सोमवारी दादा रिकाम्या पार्लरमध्ये एकटा जाऊन एकेका मशीनचा नॉब खोलून तेल सोडायचा. जुने नॉब तसेच होते, तेलावर जगायचे. तीस वर्षं. मी महिनाभर विजेचा दाब शोधत होतो.

फिजिओबाईंना फोन केलाच. (ही बरोबर बोलते माझ्याबद्दल.) सांगितलं, त्याने बाटलीचं झाकण उघडलं, काडीएवढा पाना धरला, स्क्रू सोडवला, पुन्हा घट्ट केला, चार सोमवार.

त्यांनी विचारलं, "कोणत्या हाताने?"

हिने पाठ पाहिली होती, हात नाही.

"डाव्याने केलं असेल तर माझ्या कागदात काही बदलत नाही. उजव्याने केलं असेल तर मला दिसायला हवं. मी ऐकीव लिहीत नाही."

रागावता आलं नाही. मीही ऐकीव कधी छापलं नाही.

बुधवार, २७

दादाने उजव्या हाताने केलं. मी पाहिलं, हिनेही पाहिलं.

सकाळभर ठरवत होतो, काय बोलावं. तुझ्या तेलाने नॉब गेला, असं म्हणायचं तर तो बॅग भरून मोकळा होईल. काही न म्हणता मीच पुसून ठेवायचं तर उद्या फिजिओबाई पुन्हा तेच दोन शब्द लिहितील. शेवटी दहाला वर्तमानपत्रावर नॉबचे सुटे भाग तसेच मांडले आणि ते टेबल उचलून त्याच्या खिडकीपाशी नेलं.

"हे मला जोडता येत नाही."

त्याने चकती पाहिली. मग बोटाने तिच्यावरचा चिकटा तपासला आणि बोट नाकाशी नेलं.

"तेल," म्हणाला. "मी."

"माहीत आहे."

"बिघडवलं."

"तू नाही. पत्रकात लिहिलं होतं, तेल नको म्हणून. तुला वाचून दाखवायचं काम माझं होतं. मी वाचलंच नाही."

"शेवटचं पान?"

"शेवटचं पान."

"पेपरवाला," तो म्हणाला आणि त्याच्या तोंडाची सरळ असलेली बाजू हसली. "गाढवा."

आठ महिन्यांत त्याने मला पहिल्यांदा शिवी दिली. ही दारामागे उभी होती, तिने पदर तोंडाला लावला.

मग त्याने कापूस मागितला. स्पिरिट मागितलं. चकती डाव्या हातात धरली आणि उजवा हात मांडीवरून उचलला. तो हात आधी हवेतच भरकटला, टेबलाच्या कडेला आपटला, पुन्हा आला. कापसाची काडी दोनदा निसटली. मी पुढे झालो तर त्याने नुसतं पाहिलं, मी मागे सरकलो. एकेक खाच. काडी बदलायची, पुन्हा एकेक खाच. रबरी चेंडूला या हाताने कधी दाद दिली नव्हती, मातीच्या गोळ्याला दिली नव्हती. कपाळावर घाम आला होता, पण ओठांचा कोपरा आत ओढलेला, जुन्या पार्लरमध्ये असायचा तसा. पाऊण तास लागला. चकती उजेडात धरली तेव्हा पलीकडची खिडकी खाचाखाचांतून दिसत होती.

मला एकच विचारायचं होतं. "सोमवारी सगळे बाहेर असतानाच का, दादा? बाईंसमोर का नाही?"

तो शब्द जमवत राहिला. "हातातून पडायचं. दर वेळी. तुम्ही बघितलं असतं."

"मग?"

"पार्लरमध्ये… कोणी बघितलं नाही. मी पाडलेलं."

खरं होतं. लोक रांग लावून बघायचे, दादा मशीन कसं उघडतो ते. त्याच्या हातातून काही पडलेलं मलाही आठवत नाही.

दुपारी मीच म्हटलं, चल, आता जोडून टाकू, उद्या सगळे यायच्या आत चालू करून ठेवू. तो नाही म्हणाला. सुटे भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडायला लावले, डावीकडून उजवीकडे, ज्या क्रमाने बसवायचे त्या क्रमाने. वर स्वच्छ फडकं घातलं. कोणी हात लावायचा नाही, अशी ताकीद.

उद्या दहाला फिजिओबाई येतील, साडेदहापर्यंत पुतणी पोहोचेल. दादा त्या दोघींसमोर नॉब बसवणार आहे. त्याच्या अंदाजाने वीस मिनिटं, माझ्या अंदाजाने तासभर, आणि मध्येच त्याने हात मांडीवर टेकला तर किती, ते कोणालाच माहीत नाही. फिजिओबाईंना मी फोनवर एवढंच सांगितलं की वही बंद ठेवून बसा आणि 'आजोबा' म्हणू नका. त्या हो म्हणाल्या. खाटेखालची बॅग मी काढत नाही, दादाही काढत नाही. ती तिथेच राहील, उद्या दुपारपर्यंत.

त्याने आणखी एक अट घातली आहे. तिळाएवढा स्क्रू हातातून पडणार, बहुधा एकदा नाही, तीन-चारदा पडणार. तो त्याचा तोच शोधेल. कोणी वाकायचं नाही. हिने शब्द दिला आहे, मीही दिला आहे. पुतणीला मात्र अजून सांगायचं आहे, आणि तिचा स्वभाव धावून जाण्याचा. उद्या ती आत शिरायच्या आधीच तिला फाटकाशी गाठून सांगेन.